मुका झालेला धुमा

१

मंदिराच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, ‘आजपासून काढा बंद. आदेशावरून.’ आणि बरोबर त्या फळ्याखाली तीन विटा मांडून सरूबाई काढाच उकळत बसली होती.

रत्नमाला सिस्टर पैठणच्या एसटीतून नुकती उतरली होती. भाचीकडं पंधरा दिवस राहून आलेली. पिशवी अजून खांद्यालाच होती, आणि वाळूजच्या या कामगार वसाहतीत शिरल्यापासून तिसऱ्या माणसानं तिला तेच ऐकवलं होतं : “सिस्टर, तुमच्या मैत्रिणीनं कडूबाला काय तरी पाजलं बघा.” चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात वॉर्ड सांभाळून निवृत्त झालेली ही बाई. कीर्तनाला पहिल्या ओळीत बसायची आणि अफवेला उभंसुद्धा करायची नाही.

“काय गं, फळा वाचता येत नाही का?”

“सातवी पास हाय मी. वाचला म्हणून तर इथं बसले. सावली चांगली पडती त्याची.” सरूबाईनं पळी आपटली. “घेती का पेला? का तुला बी जीव प्यारा झालाय?”

रत्नमालानं पेला घेतला आणि रस्त्यावरच्या चार माणसांदेखत उभ्या उभ्या संपवला. आलं, गवती चहा, तुळस, मिरी. गूळ नेहमीसारखाच जास्त.

“आता सांग.”

सरूबाईनं सांगितलं ते असं. चौदा दिवसांपूर्वी सप्ताहाची सांगता होती. सकाळी काल्याचं कीर्तन. मृदंगावर कडूबा मोकासे, मूळचा देवगाव रंगारीचा, इथं कारखान्यात फिटर, वय शेहेचाळीस. उभा राहिला की डोकं चौकटीला लागायचं आणि हात असे लांब की मंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब कौतुकानं त्याला ‘आजानुबाहू’ म्हणायचे. हंडी फुटली, गजर थांबला, सरूबाईनं काढ्याचे पेले फिरवले. कडूबानं आपला पेला एका दमात रिकामा केला, उठायला गेला आणि मृदंगावरच आडवा झाला. “पाठीत... टराटरा... कुणी तरी...” एवढंच बोलला. दवाखाना यायच्या आधी रिक्षातच गेला. दुपारी देवगावला नेऊन अग्नी दिला. ना चिरफाड, ना चौकशी. सगळे म्हणाले, हार्टफेल.

तिसऱ्या दिवशी कुणाला तरी आठवण झाली. सप्ताहाच्या आधी सरूबाईनं मंडळाकडं एक मागणं केलं होतं, सोमवारच्या भजनाला एकदा मृदंग मला द्या. बाप मृदंगाचार्य होता तिचा, त्याच्या मांडीवर बसून शिकलेली. कडूबा हसला होता, “मावशे, तुम्ही पळी वाजवा.” त्यावर ही ताडकन म्हणाली होती, “हस. एक दिवस तुझा हात थांबंल, तवा हाच मृदंग चालत येईल माझ्याकडं.”

झालं. बोलणं, काढा आणि मरण, तिघांची गाठ बसली. कडूबाचा धाकटा भाऊ सोमनाथ यानं चौकीत अर्ज दिला. जमादार दोनदा येऊन विचारून गेले, पातेलं लगेच का घासलं?

“मी म्हणलं, साहेब, खरकटं ठेवायचं व्हतं का?” सरूबाई म्हणाली. “वसाहत सोडा म्हणतेत. सोडीन की. आधी माझ्या तोंडावर गुन्हा शाबीत करा. उगं कुजबुजीला भिऊन ही सरू जायची नाय.” मग तिचा आवाज खाली आला. “रत्ना, एक गोष्ट मी सगळ्यांना सांगितली. कुणी ऐकून घेत नाय. त्याचा धुमा आधी गेला. काढा चुलीवर व्हता तवाच.”

मृदंगाची उजवी बाजू शाईची, खणखणीत बोलणारी. डावी बाजू म्हणजे धुमा. तिला ओली कणीक थापतात आणि मग ती ढगासारखी घुमते. कीर्तनात माणसांचं लक्ष उजवीकडं असतं, पण पोटात जे हलतं ते धुम्यानं.

“मी मागं खोलीत. पातेल्याला उकळी बी फुटली नव्हती. आन् धुमा मुका झाला. एका थापेचा दुसऱ्या थापेला पत्ता नाय. उजवा चालू, डावा मेलेला. पार हंडी फुटंपर्यंत तसाच.”

“हे कुठं नोंदलं गेलं असेल ना? विश्वजीत दर कीर्तनाचं चित्रण करतो.”

“करतो. मंडळाच्या फेसबुकच्या पानावर टाकतो बी. सप्ताहातली सहा दिवसांची कीर्तनं हाईत तिथं.” सरूबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. “सातवं नाय.”

२

तात्यासाहेब सभामंडपात सतरंजीच्या घड्या मोजत होते.

“राम कृष्ण हरी, तात्यासाहेब.”

“राम कृष्ण हरी. सिस्टर, त्या बाईची वकिली करायला आला असाल तर पाणी पिऊन परत फिरा.”

“वकिली कुठली. हात द्या तुमचे.” रत्नमालानं त्यांची दोन्ही मनगटं धरली. ही तिची जुनी खोड. वसाहतीत लहानथोर सगळे तिच्यापुढं दोन्ही हात करायचे. “बरी आहे नाडी. दोन्हीकडं सारखी.”

“एका हातानं भागत नाही का तुमचं?”

“एका हाताची नाडी म्हणजे एकतर्फी साक्ष. नव्या पोरींना मी हेच शिकवत आले. आता मृदंग दाखवा.”

मृदंग कपाटात होता, गवसणीत. त्या दिवसापासून कुणी हात लावला नव्हता. रत्नमालानं गवसणी उतरवली. एरवी कीर्तन झालं की कणीक खरवडून काढतात. या वेळी कुणाला भान होतं? डाव्या पुडीच्या कातड्यावर ती तशीच वाळून बसली होती, तडे गेलेली. पण पुरीएवढी, गोल, मधोमध, काठ शाबूत. तिनं ताणाच्या वाद्या ओढून पाहिल्या. ताठ होत्या. कातडं कुठं फाटलेलं नव्हतं.

म्हणजे कणीक निसटली नव्हती, वाद्य उतरलं नव्हतं. धुमा मुका झाला असेल तर दोष मृदंगाचा नव्हता. हाताचा होता.

“तात्यासाहेब, त्याचा डावा हात बंद पडलेला तुमच्या ध्यानात आला नाही?”

“चाळीस टाळ वाजत असतात, बाई. आम्ही गजरात.” त्यांनी कपाटाचं दार लोटलं. “घामानं मात्र निथळत होता. मी म्हटलं, गडी रंगात आलाय.”

“त्रास होत असता तर थांबला असता ना?”

“थांबतोय कसा?” तात्यासाहेबांची छाती फुगली. “काल्याच्या कीर्तनात हंडी फुटेपर्यंत मृदंग खाली ठेवायचा नाही, की दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. मंडळाचा नियम आहे. माझा. सव्वीस वर्षांत एकदा मृदंग थांबला असेल तर दाखवा.”

सगळी वसाहत धरून चालली होती की दुखणं काढ्यानंतर सुरू झालं, कारण कडूबा काढ्यानंतर पडला. पण ज्याला थांबायचीच मुभा नाही, त्याचं दुखणं सुरू कधी झालं हे बघणाऱ्याला कळायचं कसं?

३

विश्वजीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होता. मंडळाचा टाळकरी, आणि कडूबा नसेल तेव्हा मृदंगावर बसणारा. आता तर कायमचा तोच बसणार होता. वसाहतीत कुणाच्या मनात हे आलं नव्हतं, रत्नमालाच्या आलं.

“अक्का, या की! कधी आलात?”

“दोन्ही हात दे.”

त्यानं हसत हात पुढं केले. तिनं मनगटं धरली आणि सोडलीच नाहीत. “सातव्या दिवसाचं कीर्तन कुठंय?”

“ते... त्या दिवशी चार्जिंग संपलं होतं.”

“धावतेय रे नाडी. आत्ता ऐंशीवर होती, शंभराच्या पुढं गेली.”

“उकाडा लई हाय, अक्का.”

“विश्वजीत, एका बाईला वसाहत खुनी म्हणतेय. तुझ्याकडं तिची साक्ष आहे आणि तू ती पुसून टाकलीस. काय होतं त्यात? काढ्यात काही टाकताना दिसलास का?”

“माऊलीची शपथ, नाय!” पोरगा एकदम ओरडला, मग टेबलावरच्या उघड्या मोबाइलकडं बघत राहिला. “काढ्याचं काय नाय त्यात. माझं हाय.”

पुसलेली चित्रफीत फोनच्या कचरापेटीत महिनाभर राहते. ही गोष्ट दुकानदार असून तो विसरला होता, की मुद्दाम विसरला होता, ते देव जाणे. त्यानं ती परत काढली. फोन उभा केला होता टाळकऱ्यांच्या समोर. चौकटीत कडूबा, शेजारी विश्वजीत आणि मागं भिंतीवरचं घड्याळ.

अकरा बत्तीस. कडूबाचा चेहरा एकाएकी आक्रसला. कुणी मागून काही खुपसावं तसा तो कण्यात ताठ झाला. पुढच्याच आवर्तनात डावा हात पुडीवरून घसरला. त्यानं तो उचलला, परत मारला, आवाज नाही. धुमा मुका. उजवा हात मात्र ठेका सोडीना. त्यानं विश्वजीतकडं पाहिलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यानं गुडघ्यानं मृदंग त्याच्याकडं सरकवला. आणि चित्रातल्या विश्वजीतनं मान फिरवली.

“आदल्या दिवशी त्यानं समद्यांदेखत माझ्या ठेक्याची टिंगल केली व्हती,” खरा विश्वजीत म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “मला कळलं, अक्का, त्याला कायतरी होतंय. मी म्हणलं, नियम हाय ना, वाजव आता. बारा मिनिटं तो एका हातानं वाजवत व्हता.”

अकरा चव्वेचाळीस, हंडी फुटली. अकरा सेहेचाळीस, चौकटीच्या कडेला सरूबाईचा पदर आणि पेल्यांचं ताट.

चौदा मिनिटं. काढा ओठाला लागायच्या चौदा मिनिटं आधी घाव बसला होता. आणि विष कधी एकच हात निवडत नाही.

मग काय निवडतं? अर्धांग म्हणावं तर तोंड वाकडं नव्हतं, शब्द स्पष्ट होते, उठताना पाय चालले होते. पाठीत टराटरा, आणि एक हात गेला. रत्नमालाला हे कुठं तरी पाहिल्यासारखं आठवत होतं, वॉर्डातल्या कुठल्याशा पलंगापाशी, कुठल्याशा डॉक्टरच्या आरडाओरड्यात...

तिचा फोन वाजला. सरूबाई.

“रत्ना, सोमनाथ आलाय दारात. माणसं घिऊन आलाय.”

४

ती पोचली तेव्हा अंगणात पंचवीसेक माणसं होती. पुढं सोमनाथ, दहाव्याला उतरवलेल्या केसांचे खुंट डोक्यावर, भावासारखाच ताडमाड, तेच लांब हात. मागं त्याची बायको तनुजा त्याचा सदरा धरून ओढत होती.

“म्हातारे, आजच्या आज खोली खाली कर! नायतर सामान मी फेकतो!” त्यानं मूठ उगारली. अंगठा आत घेऊन वळलेली मूठ. आणि त्या अंगठ्याचं टोक करंगळीच्या बाजूनं बाहेर डोकावत होतं. रत्नमालाची नजर तिथं अडकली. इतका लांब अंगठा?

सरूबाई पायरीवरून हलली नाही. तिनं तांब्या पुढं केला. “उन्हातून आलास. शिव्यांनी घसा सुकतो. आधी पाणी पी, मग दे.”

दारात आलेल्याला पाणी द्यायचं आणि दिलेलं पाणी नाकारायचं नाही, हे रागापेक्षा जुनं. सोमनाथनं तांब्या हिसकावून चार घोट घेतले, तांब्या आदळला, परत मूठ उगारली, “तुझ्या ह्या...”

आणि मूठ हवेतच राहिली. “आई गं! फाटलं... पाठीत फाटलं!” तो गुडघ्यांवर आला.

कुणी तरी किंचाळलं, “पाण्यात बी घातलं! दुसरा बी मारला तिनं!”

माणसं पुढं सरकली. सरूबाईनं खाली पडलेला तांब्या उचलला, तळाशी उरलेलं पाणी सगळ्यांकडं बघत घटाघटा प्याली आणि तांब्या पालथा करून दाखवला. “या. आता तिसरी मी. थांबा माझ्या मरणाची वाट बघत. पण ह्याला आधी उचला की मुडद्यांनो!”

रत्नमाला सोमनाथपाशी बसली होती. उजवं मनगट हातात घेतलं, नाडी घणासारखी. डावं घेतलं. शोधावी लागली. सुताएवढी, आता आहे, आता नाही.

“मुका धुमा,” ती स्वतःशीच म्हणाली. आणि तो पलंग, तो आरडाओरडा, सगळं तिला लख्ख आठवलं. “तनुजा, ह्याचे वडील कशानं गेले?”

“मामंजी? बैलगाडीतून उतरता उतरता. चव्वेचाळीस वर्षांचे व्हते. सासूबाई म्हणायच्या, घराण्याला पाठीत बाण लागायचा शाप हाय.” तनुजानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. “अक्का, तीच वेळ आली का?”

“शाप असता तर मी हात जोडले असते. हा शाप नाही. गाडी काढा कुणी तरी!”

५

कोपऱ्यावरचा दवाखाना डॉक्टर अभय यांचा. चांगला, मेहनती माणूस. त्यांनी ईसीजी काढला, तोंड गंभीर केलं.

“थोडा बदल दिसतोय. हार्ट अटॅक धरून चालू. बीपी?”

“एकशे अठरा, सर. नॉर्मल,” पट्टा सोडत परिचारिका म्हणाली. उजव्या हातात सलाइन लावायचं होतं म्हणून तिनं डावा हात घेतला होता.

“रक्त पातळ करायच्या गोळ्या द्या. ॲस्पिरिन आणि...”

“देऊ नका,” रत्नमाला पलंगाच्या आडवी उभी राहिली.

“सिस्टर, तुमचा मान आहे. पण एकेक मिनिट महत्त्वाचं आहे.”

“म्हणूनच एक मिनिट मागतेय. उजव्या हाताचं बीपी घ्या.”

दारात वसाहत उभी होती. कुणी तरी ओरडलं, “ती सरूबाईची माणूस हाय! तिला मरूच द्यायचंय ह्याला!” डॉक्टरांनी तनुजाकडं पाहिलं. “बाई, नातेवाईक तुम्ही. काय करू?”

तनुजानं डोळे पुसले आणि दाराकडं वळली. “गप बसा समदे! नवरा माझा हाय, तुमचा नाय. इतके दिवस तुमचंच ऐकलं, तिनं मारलं, तिनं मारलं. मामंजींना कुणी मारलं व्हतं मग?” ती डॉक्टरांना म्हणाली, “अक्का म्हणतेत ते करा.”

पट्टा उजव्या दंडाला बांधला. पारा चढत गेला.

“दोनशे दोन,” डॉक्टर अभय म्हणाले. त्यांनी परत मोजलं. दोनशे. डावीकडं परत एकशे अठरा. एकाच माणसाच्या दोन हातांत ऐंशीच्या वर फरक.

“एकतर्फी साक्ष,” रत्नमाला म्हणाली. “डावा हात खोटं बोलतोय, डॉक्टर. आता सगळं एका ओळीत मांडते. छातीत नाही, पाठीत कळ. एका क्षणात, फाटल्यासारखी. सोमनाथ, आता कुठं दुखतंय रे?”

“खाली... कमरंत उतरलंय,” तो कण्हला. “पाय बधिर झालाय.”

“कळ वरून खाली चालत निघालीय. भावाचाही डावा हात गेला होता, ते चित्रण मी स्वतः बघून आले. पडताना तोही ‘टराटरा’ म्हणाला होता. बाप चव्वेचाळीसला, भाऊ शेहेचाळीसला, हा एकेचाळीसला. आणि त्याची मूठ वळवा. अंगठा आत घालून.”

डॉक्टरांनी सोमनाथची मूठ मिटली. अंगठ्याचं टोक पलीकडून बाहेर आलं. त्यांच्या हातातली गोळ्यांची पट्टी खाली गेली.

“महाधमनी,” ते पुटपुटले.

“ज्या लांब हातांना आम्ही कौतुकानं आजानुबाहू म्हणत आलो, डॉक्टर, ते ह्या घराण्याच्या रक्तातलं ढिलं सूत आहे.”

तनुजानं विचारलं, “म्हंजी काय, अक्का?”

“हृदयातून एक मोठी नळी निघते. गोधडीसारखी, पदरांची. ह्या घरात ती जन्मापासून कच्ची शिवलेली. आतला पदर फाटला की रक्त दोन पदरांच्या मधे शिरतं आणि शिवण उसवत खाली जातं. वाटेत हाताची फांदी आली, हात मुका. पायाची आली, पाय बधिर. अशात रक्त पातळ करायचं औषध म्हणजे उसवलेल्या गोधडीला आणखी झटका.”

डॉक्टर अभय एव्हाना फोनवर होते. त्यांचा आवाजच बदलला होता. “सीटी अँजिओ तयार ठेवा. हृदयाचे सर्जन हवेत, आत्ता. होय, गोळ्या दिलेल्या नाहीत.” फोन ठेवून त्यांनी परिचारिकेला सांगितलं, “कळ थांबवायचं इंजेक्शन द्या, आणि नाडी-दाब उतरवायचं औषध शिरेतून. नाडी साठावर, वरचा दाब एकशे वीसच्या आत. आणि मोजायचा फक्त उजव्या हातावर. डाव्यावर विश्वास ठेवायचा नाही.”

मग ते रत्नमालाकडं वळले. “सिस्टर, मी गोळ्या दिल्या असत्या.”

“बहुतेक जणांनी दिल्या असत्या. शंभरातल्या नव्वद जणांना त्याच लागतात. हा उरलेल्या दहांतला होता.”

रुग्णवाहिका नगर नाक्याकडं सुटली. आत तनुजा, रत्नमाला, आणि दर पाच मिनिटांनी उजव्या दंडावर फुगणारा पट्टा. दोनशे. एकशे सत्तर. एकशे पस्तीस. शहरातल्या दवाखान्याच्या दारात एकशे सोळा.

सीटीच्या पडद्यावर नळीत दुसरी नळी दिसत होती, मधे फाटक्या पदराची बारीक रेघ. फाट हृदयाला लागूनच होती. सर्जन म्हणाले, “अशी फाट गोळ्यांवर सोडत नाहीत. दर तासाला धोका वाढतो. फाटलेला तुकडा कापून तिथं कापडाची नळी शिवायची. सात-आठ तास. खात्री देत नाही, पण वेळेत आणलंत.”

“कापडाची?” तनुजा पैठणची, विणकरांच्या घरातली. “विणलेली का?”

“विणलेली.”

तिनं सही केली. “मग धरंल. विणलेलं धरतं.”

६

धरलं.

शस्त्रक्रियेनंतर तेराव्या दिवशी सोमनाथ दवाखान्यात उशीला टेकून बसला होता, छातीवर उभी शिवण. रत्नमालानं सगळ्यांना बोलावलं होतं. तात्यासाहेब, विश्वजीत, डॉक्टर अभय. सरूबाई दाराशी उभी, पदर कमरेला खोचलेला. विश्वजीतनं ती चित्रफीत लावली. घड्याळ, घसरलेला हात, तीन वेळा पाहणं, फिरवलेली मान.

“काढा अकरा सेहेचाळीसला आला,” रत्नमाला म्हणाली. “फाट अकरा बत्तीसला पडली. सरूनं मागच्या खोलीतून नुसत्या कानानं जे ओळखलं, ते मंडपात बसून आपल्याला दिसलं नाही.”

“म्हंजी मी...” विश्वजीतनं फोन उपडा ठेवला.

“तू मृदंग घेतला असतास तर कडूबा वाचला असता, असं छातीठोक मी सांगणार नाही. कदाचित रिक्षात गेला तसाच रस्त्यात गेला असता. पण हंडी फुटंपर्यंतची ती बारा मिनिटं त्याची होती. ती आपण नियमाला दिली. देवानं मागितली नव्हती.”

तात्यासाहेबांची मान खाली होती. “नियम माझा होता.”

सोमनाथ सरूबाईकडं वळला. “मावशे, अर्ज मागं घेतलाय. माफ कर.”

“तुझी माफी मला काय लोणच्याला घालायचीय?” सरूबाई म्हणाली. “जगलास, बास झालं. डॉक्टर म्हणतेत गोळ्या जन्मभर खायच्या, त्या खा. तुझी पोरगी, कडूबाची दोन लेकरं, तिघांच्या नळ्या तपासून घे. शाप म्हणून घरात बसलास तर परत येईन तांब्या घिऊन.” मग ती तात्यासाहेबांकडं वळली. “माफी वाटणार असाल तर मला नको. मला मृदंग द्या.”

“बाईनं मृदंग...” तात्यासाहेबांनी सवयीनं सुरुवात केली.

“दादाचा मृदंग हाय तो,” सोमनाथ उशीवरून म्हणाला. “त्याचा मुका धुमा जिला ऐकू आला, तिलाच जाईल.”

पुढच्या एकादशीला सकाळचं कीर्तन. फळा पुसलेला, काढ्याचं पातेलं मागच्या खोलीत, आणि चुलीपाशी विश्वजीत, त्यानं स्वतःहून मागून घेतलेलं काम. मृदंगावर सरूबाई. काही जण येणार नाही म्हणाले होते. आले, मागं उभे राहिले. ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर चढला, धुमा असा घुमला की खांबाला टेकलेल्या सोमनाथनं छातीवरच्या शिवणीवर हात ठेवला आणि डोळे मिटले.

आणि ऐन रंगात मृदंग थांबला.

टाळ अडखळले. बुवांचा हात वरच राहिला. सव्वीस वर्षांत जे घडलं नव्हतं ते घडलं होतं. सरूबाई पहिल्या ओळीकडं बोट दाखवत होती. “रत्ना, तात्यासाहेबांकडं बघ. तोंड वाकडं केलं त्यांनी.”

रत्नमालानं उठून त्यांची दोन्ही मनगटं धरली.

“दोन्हीकडं सारखी. काय होतंय?”

“अहो, काही नाही,” तात्यासाहेब ओशाळले. “पोटरीत गोळा आलाय. मांडी घालून तास झाला.”

मंडपात हशा पिकला. मागून कुणी तरी पुटपुटलं, “एवढ्यासाठी कीर्तन थांबवलं?”

“थांबवलं,” सरूबाई कणकेवरून हात फिरवत म्हणाली. “परत बी थांबवीन. इठ्ठल युगानुयुगं उभा हाय, दोन मिनिटं आणखी उभा राहील. तात्यासाहेब, पाय लांब करा. करा म्हणते ना!”

तात्यासाहेबांनी देवासमोर, सगळ्या मंडळासमोर, पाय लांब केला.

“हं. आता धरा टाळ,” सरूबाई म्हणाली, आणि तिनं डाव्या हाताची पहिली थाप दिली.